आम्ही की आपण

भुवनेश्वरी मॅडमनी अकरावीच्या वर्गात वर्तमानपत्रातल्या त्या लेखाचं कात्रण वाटलं, म्हणजे आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. लेखाचा मथळा होता, ‘ब्लॉग म्हणजे चावडी नव्हे’. चावडीवर माणूस तोंड दाखवून बोलतो, ब्लॉगवर नाव लपवून, असं लेखकाचं म्हणणं. लेखक वाचकाला आपल्या बाजूला कसा वळवतो, एवढंच मुलांनी शोधायचं होतं. दुसरा एखादा लेख घेता आला असता. पण आपल्याला राग आलेला नाही, हे त्यांना स्वतःलाच पटवायचं होतं. कारण लेखात ज्या निनावी ब्लॉगची सालटी काढली होती, तो त्यांचाच होता. पेठेतल्या बंद वाचनालयाबद्दल त्या तिथं लिहीत. घरातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

मुलं तयार निघाली. "आधी जुन्या चावडीच्या आठवणी काढून गोड बोलतोय," शिवपुत्र म्हणाला. "मग ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणतोय. म्हंजे पुरावा द्यायला नको." मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या. लेखक उघडा पडत होता आणि, खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं.

मग संस्कृती उठली. वर्गातली सगळ्यात हुशार, आणि म्हणूनच थोडी डोकेदुखी. "पण शेवटचा मुद्दा लई पक्का हाय, मॅडम. ब्लॉगवाला लिहितो, ‘चला, आम्ही वाचनालय उघडू.’ आम्ही म्हंजे तो आणि त्याची माणसं. वाचणारा दाराबाहेर. लेखक म्हणतो, ही मिजास हाय. एका शब्दात धरलाय की."

वर्गानं माना डोलावल्या.

मॅडमचा खडू थांबला. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, कन्नड बोलणारं. कन्नडात आम्हीही ‘नावु’ आणि आपणही ‘नावु’. बी.ए.ला मराठीत पहिल्या आल्या, तरी घाईत लिहिताना नेमका तिथंच पाय घसरायचा. मिजास नव्हती, चूक होती. पण हे सांगायचं तर ब्लॉग आपला म्हणावा लागणार, आणि मराठीच्या मॅडमना आम्ही-आपण कळत नाही हे कॉलेजभर होणार. गप्प बसावं तर मुलं खोटा पुरावा पक्का समजून घरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"तो ब्लॉग माझा आहे," त्या म्हणाल्या. "तिथं मला ‘आपण’ म्हणायचं होतं." मग त्यांनी ‘नावु’चं सगळं सांगितलं. लाज वाटत होती, कान तापले होते, तरी सांगितलं.

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची गौरम्मा तेवढी म्हणाली, "आमच्या घरीबी तसंच म्हणतात, मॅडम."

संस्कृती अजून उभीच होती. "म्हंजे पुरावा खोटा. पण मॅडम, खाली तुमचं नाव असतं तर त्यांनी तुमालाच विचारलं असतं की. त्यांचा चावडीचा मुद्दा तर खराच ठरला."

पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. मॅडमनी फळ्यावर ब्लॉगचं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली स्वतःचं.

"आता हा वाचा," त्या म्हणाल्या, "आणि यात मी वाचकाला कुठं कुठं गुंडाळलंय, ते लिहून आणा."