मर्लिन हाउगनचं लायसन

"सोळा वर्षांची पोर म्हणजे आमच्या धंद्यात पेटतं लाकूड, मर्लिन," असं म्हणत विमा एजंट गेलने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "बघ तूच."

"तूच वाच. चष्मा घरी राहिला."

"ब्रिटाचं नाव घातलं तर वर्षाला आणखी बावीसशे डॉलर. मार्क चांगले असले तर थोडी सूट."

"एवढ्यात तर जुनी गाडी येईल."

"येईल. मग तिचाही विमा काढावा लागेल," गेल हसून म्हणाली.

शेजारी बसलेली ब्रिटा मात्र हसली नाही. "आजोबा, माझा ड्रायव्हिंगचा वर्ग झालाय. मार्क आहेत. आइस्क्रीमच्या दुकानातला उन्हाळ्याचा सगळा पगार मी शिल्लक ठेवलाय. परवा परीक्षा आहे माझी."

"पुढच्या वर्षी बघू," मर्लिन म्हणाला.

हे त्याने मागच्या वर्षीही म्हटलं होतं.

मिनेसोटाच्या त्या भागात मर्लिन हाउगनने उभा जन्म दुधाचा टँकर चालवला होता. हिमवादळात बाकीचे ड्रायव्हर वाटेतल्या हॉटेलात कॉफी पीत बसत, तेव्हाही मर्लिन गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करून डेअरीत पोचलेला असे. त्याची मुलगी, ब्रिटाची आई, दुसरं लग्न करून दूर ॲरिझोनात गेली. नात आजी-आजोबांकडे राहिली. दोन हिवाळ्यांपूर्वी आजी, आर्डिस, गेली. त्यानंतर मर्लिनने टँकर सोडला. गुडघे दुखतात, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ब्रिटाला शाळेत सोडणं-आणणं तेवढं राहिलं होतं.

गेलच्या ऑफिसातून बाहेर पडताना ब्रिटा म्हणाली, "निदान घरापर्यंत तरी मला चालवू द्या. शिकाऊ परवाना आहे, तुम्ही शेजारी आहात."

त्याने लगेच किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिला नवलच वाटलं.

संध्याकाळ व्हायला आली होती. दोन्ही बाजूंना मक्याची कापणी झालेली रानं उघडी पडली होती. ब्रिटा बेताने चालवत होती. शाळेच्या शिक्षकाने शिकवल्याप्रमाणे आरशात बघायची, पुन्हा समोर बघायची. मर्लिन काही बोलत नव्हता. टँकरवाला आजोबा दर वळणावर सूचना देईल अशी तिची अपेक्षा होती.

तलावाजवळच्या उतारावर तिने ब्रेक लावला. गाडी थांबली.

"का थांबलीस गं?"

ब्रिटाने त्याच्याकडे बघितलं. मग समोर. मग पुन्हा त्याच्याकडे.

"आजोबा, समोर हरीण आहे."

"हो हो. दिसलं."

"कुठल्या बाजूला तोंड आहे त्याचं?"

डोळे बारीक करून त्याने काचेकडे मान पुढे केली. मादी होती, रस्त्याच्या मधोमध उभी. थोड्या वेळाने ती सावकाश चालत शेतात उतरली. ब्रिटाने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कधीपासून?"

"आर्डिस होती तेव्हा ती सांगायची, डावीकडून ट्रक येतोय, पुढे पोरं आहेत. ती गेल्यावर कळलं किती कमी दिसतं ते. मधलं सगळं पुसट. कडेकडेचं दिसतं."

"आणि मला रोज शाळेत सोडत होता?"

"रस्ता पाठ आहे मला."

"हरणाला पाठ नाही, आजोबा."

ती रडत होती, पण आवाज तिने चढवला नाही. मर्लिनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डॉक्टरकडे गेलो असतो तर लायसन गेलं असतं," तो म्हणाला. "मग तुला कोणी सांभाळायचं? तुझ्या आईने तुला तिकडे नेलं असतं. आणि तू चालवायला लागलीस की मला शेजारी बसवणार, मग कळणारच. पैशाचं आपलं निमित्त. आज अंधार पडायला लागला होता, म्हणून किल्ली दिली."

"मी कुठे जाणार नाही," ब्रिटा म्हणाली. "पण तुम्ही आता चालवायचं नाही. उद्यासुद्धा नाही."

"बरं."

हा शब्द तोंडातून इतका सहज निघाला की मर्लिन स्वतःच थोडा वेळ ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने ब्रिटाला शाळेत सोडलं. मर्लिनने गेलला फोन केला. "ब्रिटाचं नाव घाल. माझं काढ."

गेल म्हणाली, "नुसतं सांगून भागत नाही रे, आधी लायसन परत करावं लागेल. तुझं नाव निघालं तर विम्याचा आकडा बराच खाली येईल."

"पोरीला सांगतो. आइस्क्रीमच्या दुकानातली मेहनत फुकट गेली नाही म्हणून."

"मर्लिन, बरा आहेस ना?"

"आहे. खरंच आहे."

परीक्षेच्या दिवशी ब्रिटाने गाडी दोन खांबांमध्ये लावताना एकदा चूक केली, तरी पास झाली. तिने लायसनचे कागद दिले त्याच सरकारी खिडकीवर तिच्यामागून मर्लिन गेला आणि आपलं लायसन काउंटरवर ठेवलं. खिडकीवरच्या बाईंनी त्याला साध्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला उभं केलं.

"हसलात तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"हसतोच आहे," मर्लिन म्हणाला.

परतीच्या वाटेवर ब्रिटा परीक्षकाची नक्कल करत होती, तो कसा हुंकार देतो, पेन कसं आपटतो. गावाबाहेरचं धान्याचं कोठार मागे पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की पलीकडून उत्तर येत नाही. मर्लिनची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि तो हलकेच घोरत होता. चालत्या गाडीत तिने त्याला कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

तिने रेडिओ बारीक केला. घरासमोर गाडी उभी करून इंजिन बंद केलं आणि त्याला न उठवता, हात स्टिअरिंगवर ठेवून ती बसून राहिली.