न जुळणाऱ्या दोन रेषा

सुनेच्या कामातलं सासूबाईंना एवढंच कळायचं: नळातून पाणी ढकललं की वाटेत त्याचा जोर घटतो, आणि किती घटला ते सून दोनदा काढते. एकदा पुस्तकातल्या सूत्राने, एकदा संगणकात लटका नळ वाहवून. आज त्या दोन आकड्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. संगणकातला जोर फारच घटत होता, आणि त्यावर एका इस्पितळाचा पंप ठरायचा होता.

"संगणकातल्या नळाचा आतला खडबडीतपणा कमी कर," पडद्यावरचे साहेब म्हणाले. "आलेखातल्या दोन्ही रेषा जुळतील. आपण नेहमी तेच करतो."

"सर, फरक का पडतो ते सापडलंय. सूत्र धरून चालतं की पाणी एका चालीला लागलंय. पण नळाच्या तोंडाशी ते अजून सावरत असतं, तिथे जोर जास्त जातो. पुढचा तुकडा वेगळा तपासला तर आकडे बरोबर जुळतात. आपला नळ आखूड, सावरेपर्यंत निम्मा संपतो. सूत्रावर पंप घेतला तर वरच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही."

"अहवाल आजच जायचाय. मी सांगतो तसं करून सही कर, नाहीतर गटप्रमुखपदासाठी दुसऱ्या कुणाचं नाव देतो."

त्या पदासाठी सुनेने रात्रीचा दिवस केला होता. ही आता मान डोलावणार, या विचारानेच सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसून सोलत असलेल्या मटाराचं ताट बाजूला सारून त्या कॅमेऱ्यात घुसल्या.

"काय हो साहेब, तुम्हाला कळत नाही, की कळतं पण वळत नाही?"

"आई, बाजूला व्हा!" सून कडाडली. "भांडण माझं आहे."

सासूबाई चक्क बाजूला झाल्या. या घरात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

"सर, सही करते. पण दोन्ही रेषा आहेत तशा, फरकाच्या कारणासकट. खडबडीतपणाला हात लावायचा असेल तर सही तुमची."

"मग पद विसर."

"विसरले."

पडदा काळा झाला. सुनेने अहवाल पाठवून टाकला.

"रडायचं असेल तर रडून घे," सासूबाई म्हणाल्या.

"रडायला वेळ कुठाय? इस्पितळाच्या इंजिनिअरला फोन लावतेय. साहेबांचा फोन जायच्या आधी."

"लाव की मग! वाट कुणाची बघतेस?"