बाहीतली करंगळी

सूतगिरणीच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. कुणी म्हातारीला पाठुंगळी घेऊन आलं होतं, कुणी सायकलच्या मागे लुळ्या बापाला बसवून. चांगली पन्नाशीतली माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली होती. सुट्टीचा वार, त्यात फुकटचा चमत्कार! शीगांग गाव दुसरीकडे जाणार तरी कुठे?

मंचावर महागुरू छ्यू तिएनहे उभे होते. अंगात पिवळा रेशमी झगा, आणि बाह्या इतक्या ऐसपैस की एकेका बाहीत एकेक कोंबडी बिनबोभाट झोपली असती. त्यांचा पट्टशिष्य लुआन कर्ण्यातून ओरडत होता.

“सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं महागुरू बर्फाच्या गुहेत बसले! अन्न नाही, पाणी नाही, फक्त दवबिंदू!”

दवबिंदूंवर एवढं पोट सुटतं, हे हबेई प्रांताला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असेल. पण हसलं कुणीच नाही.

महागुरूंनी बोटानं खूण करून थुंगला वर बोलावलं. थुंग हा गिरणीतला हमाल. कापसाची गासडी तो एकटा खांद्यावर घ्यायचा. महागुरूंनी त्याचा उजवा हात आपल्या हाती घेतला, बाही वरून पसरली आणि त्याच्या मनगटावर डाव्या हाताची दोनच बोटं अलगद टेकवली, नाडी बघावी तशी.

“लाव ताकद, सोडव हात.”

थुंगनं हिसका दिला आणि त्याचा चेहराच बदलला. आधी तो चवड्यांवर उंच झाला, मग वाकला आणि शेवटी एवढा मोठा गडी मंचावर धप्पकन गुडघ्यांवर बसला.

“लोकहो, मी जोर लावतोय का?”

“नाही!” सभागृह गरजलं.

“दुखतंय का रे, बाळ?”

“दुखतंय, महागुरू! मेलो!”

“ती माझी शक्ती नाही दुखत. तुझ्या सांध्यात दडलेला रोग दुखतोय. तो बाहेर यायला बघतोय. हा घे, काढला!”

बाही उचलली गेली. थुंगनं सुस्कारा सोडला. खांद्यावरची गासडी उतरवल्यासारखा त्याचा चेहरा मोकळा झाला. “हलकं वाटतंय,” तो रडत म्हणाला, “लई हलकं वाटतंय!”

टाळ्यांनी छप्पर हाललं. पुढच्या रांगेतल्या दोन आज्या तर जमिनीला कपाळ टेकून मोकळ्या झाल्या.

चौथ्या रांगेत बसलेल्या फू रुईयिंगनं टाळी वाजवली नाही. तिच्या एका बाजूला वहिनी आणि दुसऱ्या बाजूला तिचा थोरला भाऊ दाशान बसला होता. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. त्याला टाळी वाजवताच येत नव्हती.

दाशानचं बसथांब्यासमोर शेवयांचं दुकान. कणकेचा गोळा दोन हातांत ताणून, झोका देऊन, दुमडून, पुन्हा ताणून तो केसासारख्या शेवया काढायचा. बस चुकली तरी चालेल, पण दाशानचा वाडगा चुकता कामा नये, असं ड्रायव्हरच म्हणायचे. वीस वर्षांच्या त्या कामानं त्याचं मनगट ठणकायला लागलं होतं. तीन महिन्यांपूर्वी हेच महागुरू पहिल्यांदा गावात आले, तेव्हा तो याच मंचावर चढला. पण कणीक मळून मळून पोलादी झालेला त्याचा हात लवकर वाकेना. लोक बघत होते. महागुरूंना घाम फुटला. त्यांनी बाहीखाली असा काही झटका दिला की खाडकन आवाज झाला.

“ऐकलंत?” महागुरू ओरडले. “रोगाची गाठ फुटली!”

तेव्हाही टाळ्या झाल्या होत्या.

मनगटाला लाल फडकं बांधून महागुरूंनी बजावलं होतं, की शंभर दिवस डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, एक्सरे काढला तर शक्ती पळून जाईल. सुजून भोपळा झालेला हात मांडीवर घेऊन दाशान निमूट बसून राहिला. रुईयिंग तेव्हा गावात नव्हती. ती शाळेत व्यायामशिक्षिका, प्रशिक्षणासाठी दोन महिने प्रांताच्या राजधानीत गेली होती. परत आल्यावर ती त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला.

“हाड मोडलं होतं. वाकडं जुळून आलंय,” ते म्हणाले. “तिसऱ्या दिवशी आला असता तर महिना-दीड महिन्यात कामाला लागला असता.”

“आणि आता?”

“आता चॉपस्टिक धरता आल्या तरी पुष्कळ.”

त्या दिवसापासून रुईयिंगच्या पोटात निखारा पडला. तो विझू नये याची ती काळजीच घेत होती म्हणा ना. सकाळी शाळेत मुलांना कवायत शिकवताना, दुपारी वाफाळलेला मंटौ पाव तोडताना, तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असायचं: तो पिवळा झगा आणि त्यातलं ते मनगट.

महागुरू परत येणार अशी भिंतीवर पत्रकं लागली, तेव्हा ती भावाच्या दुकानात गेली. वहिनी भांडी घासत होती. शेवया आता बाजारातून वाळलेल्या येत आणि गिऱ्हाईक जेमतेम.

“दादा, मला नीट सांग. बाहीखाली त्यानं तुझं काय धरलं होतं?”

“जाऊ दे ना, रुईयिंग. माझाच विश्वास कमी पडला. मी विरोध केला म्हणून शक्ती उलटली, असं ते म्हणाले.”

“विश्वास घाल चुलीत! काय धरलं होतं?”

दाशान आठवू लागला. “करंगळी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हृदयाची नाडी करंगळीला संपते ना? तिथून शक्ती आत सोडतात.”

रुईयिंग ताडकन उठली. वहिनीच्या खांद्यावरचं फडकं तिनं घेतलं, दाशानचा धडका डावा हात पुढे ओढला, वर फडकं टाकलं आणि दोन बोटं त्याच्या मनगटावर टेकवली. फडक्याखाली तिच्या दुसऱ्या हातानं त्याची करंगळी पकडून मागे वळवली. ऐंशी किलोचा दाशान चवड्यांवर उठला, वाकला आणि कणकेच्या पाटाला धरून गुडघ्यांवर आला.

“अगं आई गं! सोड, सोड!”

तिनं सोडलं. “आता कसं वाटतंय?”

“हलकं...” दाशानच्या तोंडून गेलं आणि तो तिथेच थांबला. तो उठलाच नाही. गुडघ्यांवर बसूनच लहान मुलासारखा रडू लागला.

“बाबा शिकवायचे ते आठवतं?” रुईयिंग त्याच्या शेजारी बसली. त्यांचे वडील सांधेपकडीचे जुने वस्ताद. माणसाचं सगळं अंग बलदंड असेल, पण करंगळीला पैलवान करता येत नाही, असं ते म्हणत. “तू कंटाळून बाहेर खेळायला पळायचास. मी शिकले. ही कसली शक्ती? ही साधी पकड आहे. दुखवायचं आणि सोडायचं. सोडल्यावर बरं वाटतं ते दुखणं थांबलं म्हणून, रोग गेला म्हणून नाही.”

“मग कुणी बोललं कसं नाही?”

“भल्याभल्या गड्यांनी सांगायचं, की मी एका करंगळीपायी लोळलो? त्यापेक्षा दैवी शक्तीनं लोळवलं हे बरं दिसतं.”

वहिनीनं भांडी बाजूला सारली. हात पुसत ती म्हणाली, “रुईयिंग, त्याचं मनगट मोड. ह्यांचं मोडलं ना, तसंच. तेच हाड. मला तो खाडकन आवाज ऐकायचाय.”

“ऐकवीन,” रुईयिंग म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

“आणखी कुणाला व्याधी आहे?” आता सभागृहात, थुंग मंचावरून उतरल्यावर, लुआन कर्ण्यातून ओरडत होता. रुईयिंग उठून मंचाकडे निघाली.

“माझा खांदा दुखतो, महागुरू,” ती नम्रपणे म्हणाली. शाळेतल्या मुलांनी हा आवाज ऐकला असता, तर बाई चिडल्यात हे त्यांनी लगेच ओळखलं असतं.

“ये, बेटी. मनात शंका आणू नकोस. शंका हाच सगळ्यात मोठा रोग.”

बाही तिच्या हातावर पसरली. आत एक घामट, गुबगुबीत हात तिच्या करंगळीचा शोध घेऊ लागला. करंगळी सापडली तर संपलंच. अशा वेळी माणूस हात मागे खेचतो, आणि जितका खेचतो तितका जास्त अडकतो. रुईयिंगनं उलट केलं. तिनं मूठ वळली, कोपर बरगडीला चिकटवलं आणि अर्धं पाऊल महागुरूंच्या अंगावरच गेली. बोटं निसटली. महागुरूंच्या हाती नुसतीच तिची मूठ आली. ते सावरण्याआधीच तिनं डाव्या हातानं त्यांचा तो हात आपल्या मुठीवर गच्च दाबून धरला आणि उजवा हात त्यांच्या मनगटावरून साप चढावा तसा फिरवून खाली दाबला.

महागुरू छ्यू तिएनहे धाडकन गुडघ्यांवर आले.

खिडक्यांतली माणसं कठड्यांवर उभी राहिली.

“महागुरू,” रुईयिंग मोठ्यानं म्हणाली, “मी जोर लावतेय का?”

“सोड... सोड, बाई!”

“दुखतंय का?”

“दुखतंय!”

“मग तुमच्या सांध्यात रोग असणार. सत्तावीस वर्षं गुहेत बसलात, घालवा ना तो!”

लुआन पुढे धावला. तिनं अंगाचं नुसतं थोडं वजन खाली टाकलं, तशी महागुरूंनी किंकाळी फोडली आणि शिष्यावरच ओरडले, “मागे हो, गाढवा! मोडेल!”

मोडलंच असतं. हाताखाली तिला ते हाड जाणवत होतं, तेच, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं. आणखी एक तसूभर. चौथ्या रांगेत वहिनी उभी राहिली होती, तिचे दोन्ही हात तोंडावर होते. रुईयिंगला तो आवाज हवा होता. गावी परतल्यापासून ती त्या आवाजावरच जगली होती. पण तिनं समोर पाहिलं. त्या दोन आज्या अजून हात जोडून बसल्या होत्या. हाड मोडलं तर संध्याकाळपर्यंत हा संत होईल आणि मी चेटकीण, तिच्या मनात आलं. उद्या शेजारच्या गावात हा गळ्यात हात बांधून हेच दुकान मांडेल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण नाक मोडलं, तर तोंडातून नुसती किंकाळीच निघते.

“लुआन, कर्णा ह्यांच्या तोंडापुढे धर,” ती म्हणाली. “हं, महागुरू. बाहीखाली काय धरता ते सांगा. मोठ्यानं.”

“शक्ती...”

तिनं किंचित दाबलं.

“करंगळी!” कर्ण्यातून सभागृहभर आवाज गेला. “करंगळी धरतो! मागे वळवतो!”

“आणि रोग?”

“रोग... काही नाही. सोडलं की बरं वाटतं!”

“तीन महिन्यांपूर्वी शेवयावाल्या फू दाशानची कसली गाठ फुटली?”

महागुरूंनी डोळे मिटले. “हाड मोडलं. मला आवाजावरून कळलं होतं.”

“कळलं होतं, तरी डॉक्टरकडे जाऊ नको म्हणालात?”

“तो गेला असता तर मी सापडलो असतो.”

तिनं हात सोडला. महागुरू मनगट पोटाशी धरून मागे सरकले. सभागृहातून पहिली शिवी आली ती थुंगची. तो मंचाकडे झेपावला, त्याच्या मागे आणखी दहा-बारा जण.

“बसा सगळे!” रुईयिंगनं मैदानावरचा आवाज लावला, आणि माणसं सवयीनं बसली, त्यातले निम्मे तिचेच जुने विद्यार्थी. “मारून काय मिळणार? शेजाऱ्याची करंगळी धरा. हं, धरा! हळू. आता मागे वळवा.”

सभागृहभर “आई गं” उठलं.

“आता सोडवून घ्या. खेचू नका. मूठ वळा, कोपर अंगाशी, आणि पाऊल त्याच्याकडे.”

दहा मिनिटांत निम्मं गाव एकमेकांच्या हातांतून सुटत होतं. आज्या हसत होत्या. एकीनं तर आपल्या जावयालाच खाली बसवलं. महागुरू बघत होते. हाड मोडलं असतं तर जुळलं असतं. हे आता जुळणार नव्हतं. आज जे शीगांगला कळलं, ते उद्या सासरी-माहेरी, बाजारात, बसमध्ये तालुकाभर पोचणार होतं. रुईयिंगनं तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला. तिला लाज वाटली नाही.

तेवढ्यात दाशान मंचावर आला. त्यानं धडका डावा हात महागुरूंपुढे धरला, करंगळी ताठ.

“धर,” तो म्हणाला. “आता विश्वास पुरा आहे माझा. धर ना!”

महागुरूंनी दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले. दाशान तसाच उभा राहिला, बराच वेळ. मग महागुरू मंचाच्या मागच्या दारानं निघाले आणि लोकांनी बसथांब्यापर्यंत त्यांची हुर्यो केली. चौकशी पुढे झाली, तो भाग वेगळा.

दाशानचं मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं. पुढे वहिनी शेवया ओढायला शिकली. तो शेजारी उभा राहून तिच्या चुका काढतो आणि बोलणी खातो.

रुईयिंग मात्र अजून दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांधेपकड आणि तिची सोडवण शिकवते. शेवटी सांगते, “कुणी तुम्हाला म्हणालं, की शंका घेऊ नका, डॉक्टरला दाखवू नका, तर आधी त्याची बाही वर करायला सांगा. ज्याचं खरं असतं, तो उघड्या हातानं दाखवतो. आणि दुखलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. शंभर दिवस थांबू नका.”