खोल नको

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुलभा रसाळच्या फोनवर मेक्सिकोतल्या सेनोतेच्या सहलीचं व्हाउचर आलं. तिघांची नावं बरोबर होती, तारीख बरोबर होती, इंग्रजी बोलणारा गाइड मागितला होता, तोही मिळाला होता. फोटो मात्र गुहेचा होता.

सुलभानं तो बोटांनी मोठा केला. काळोख्या छताखाली निळं पाणी, पाण्यात लाइफ जॅकेट घातलेली माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर दिवा. आभाळ कुठेच दिसत नव्हतं.

ती दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, नवऱ्याच्या ऑफिसात बसली होती. यतीनची पाण्याच्या टाक्यांना वॉटरप्रूफिंग करणारी लहानशी कंपनी. कोटेशनं, फोन आणि कामगारांच्या व्हिसाची कामं सुलभाकडे. यतीन साइटवर गेला होता. तरी तिनं केबिनचं दार लोटून घेतलं आणि जहूरला फोन लावला.

जहूर दुबईत इंटरनॅशनल सिटीत तिकिटांचं दुकान चालवतो. रसाळ कुटुंब पूर्वी तिथं राहायचं, तेव्हापासूनची ओळख. माणूस लाहोरचा, बोलण्यात गोड आणि कामात चोख.

"जहूरभाई, ये कौन सा भेजा? ये तो बंद है. ऊपर छत है इसको."

"जी भाभी, बंद वाला. आप ही ने तो मना किया था, खुला वाला नहीं चाहिए."

"मैंने? मैं काय को मना करेगी?"

"आपका वॉइस मेसेज पड़ा है. सुनाऊँ?"

त्यानं ऐकवला. मागे मिक्सर घरघरत होता आणि पुढे सुलभाचाच ठणठणीत आवाज: "जहूरभाई, वो खोल वाला नहीं मंगता हां. बच्ची साथ में है, उसको तैरना बराबर नहीं आता."

"खोल मतलब डीप, जहूरभाई! गहरा!"

पलीकडे जहूरनं मेसेज पुन्हा एकदा लावून ऐकला.

"तो भाभी, डीप बोल देतीं. सारी दुबई डीप बोलती है."

"मैंने हिंदीच बोला ना!"

"वो हिंदी थी?" जहूरनं अगदी मनापासून विचारलं.

एरवी सुलभा हसली असती. एकोणीस वर्षं ती याच हिंदीवर आखातात निभावून नेत होती. भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत कुणाचं काही अडलं नव्हतं. आता अडलं ते नेमकं या एका शब्दावर.

सेनोते म्हणजे मेक्सिकोतल्या चुनखडीच्या जमिनीत निसर्गानंच पाडलेल्या विहिरी. काहींचं छप्पर केव्हाच ढासळलेलं असतं. वर मोकळं आभाळ, काठावरून झाडांची मुळं पाण्यात उतरलेली. काहींचं छप्पर अजून शाबूत असतं, आणि तिथं पाण्यापर्यंत जायचं म्हणजे गुहेत शिरायचं. सुलभानं मागितली होती पहिल्या जातीची, उथळशी. जहूरनं पाठवली दुसऱ्या जातीची. तीही उथळच होती.

"बदलके दो."

"भाभी, वहाँ ईस्टर का हफ़्ता है. खुले वाले सब फुल. मैंने ऑनलाइन देख लिया, अभी आपके बोलते-बोलते. वेटिंग में डाल दूँ? इन्शाल्ला हो जाएगा. लेकिन ये बंद वाला शनिवार शाम पाँच बजे तक कन्फर्म करना है. तब वहाँ सुबह होती है, ऑफिस खुलता है. नहीं तो ये भी गया."

सुट्टीची तारीख बदलण्यासारखी नव्हती. मुलीची, इशिताची शाळा त्यानंतर लगेच सुरू होत होती, आणि पुढचं वर्ष बारावीचं.

पण अडचण इशिताची नव्हतीच. अडचण यतीनची होती.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका व्हिलाच्या जमिनीखालच्या टाकीत कोटिंग चालू असताना तुकाराम आत बेशुद्ध पडला. तुकाराम चिपळूणकडचा, कंपनीतला सगळ्यात जुना माणूस. रंगाची वाफ आत कोंडली होती आणि पंखा बंद पडला होता. यतीन तोंडावर ओला गमछा बांधून उतरला आणि त्याला काखेत धरून शिडीपर्यंत ओढत घेऊन आला. वरच्यांनी तुकारामला आधी खेचून घेतलं. त्या गडबडीत कुणाचा तरी पाय लागून झाकण तोंडावर अर्धं सरकलं. अर्धंच. यतीन मिनिटाभरात बाहेर आला. तुकाराम चार दिवसांत कामावर आला. यतीन मात्र तेव्हापासून कुठल्याच टाकीत उतरला नव्हता. काम तो काठावर उभा राहून करून घ्यायचा. घरी आंघोळीला गेला की बाथरूमचं दार उघडं ठेवायचा आणि इशिता त्या वेळात हेडफोन लावून आपल्या खोलीत बसायची. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, आणि हा माणूस फलटणकडच्या विहिरींत लहानाचा मोठा झालेला, उंचावरून मुटका मारून उडी टाकणारा. पण पाण्याचं नावही काढत नव्हता.

मग जानेवारीत इशितानं मोबाइलवर एका उघड्या सेनोतेचा व्हिडिओ दाखवला. यतीननं तो दोनदा पाहिला. "ही तर आपली विहीर झाली की," म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "वर आभाळ असेल तर मी येईन."

त्या वाक्यावर सुलभानं सगळं उभं केलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं इशिताला सांगितलं.

"मम्मा, जस्ट डोन्ट टेल हिम," इशिता फ्रिजला टेकून म्हणाली.

"आणि तिथं गेल्यावर?"

"देअर ही'ल मॅनेज. वीस लोक समोर असताना बाबा परत फिरेल? यू नो हिम."

"ओळखते म्हणूनच सांगतेय. वीस लोकांसमोर फिरणार नाही तो. आत जाईल. आणि आत गेल्यावर?"

इशितानं खांदे उडवले.

तेवढ्यात यतीन आला. हातात पिशवी. "हे बघ. पोहायची चड्डी. ऐंशी दिरहम! म्हणजे साडेअठराशे रुपये. एवढ्यात आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांच्या चड्ड्या आल्या असत्या."

"गावाला चड्डी घालायचात का तुम्ही?" सुलभा म्हणाली.

"शांत बस, पोरगी आहे."

"ईऽऽ बाबा," म्हणत इशिता निघून गेली.

तो आंघोळीला गेला. सुलभानं बघितलं, दार तसं उघडंच होतं, पण वीतभर. गेल्या महिन्यात ते सताड असायचं. आज काही सांगायला नको, असं तिनं ठरवलं. बुधवारीही तिनं तेच ठरवलं. बुधवारी रात्री जेवताना तो इशिताला सांगत होता की पाण्यावर नुसतं उताणं पडून कसं राहायचं, कान बुडवायचे, आभाळ बघत राहायचं, भीती आपोआप जाते. "आभाळ बघायचं," तो पुन्हा म्हणाला. इशितानं आईकडे पाहिलं आणि पान वाढलेलं सोडून उठली.

गुरुवारी दुपारी ऑफिसात डबा उघडल्यावर सुलभानं सांगून टाकलं. आधी खोलचा घोटाळा सांगितला. यतीन पोट धरून हसला. "वो हिंदी थी?" हे त्याला इतकं आवडलं की त्यानं दार उघडून तुकारामला हाक मारली.

"तुका, ऐक. वहिनींची हिंदी जहूरला झेपली नाही."

"भाऊ, ती आम्हालाच एकोणीस वर्षं झेपत नाही," तुकाराम बाहेरूनच म्हणाला. "परवा मला आणि पाकिस्तानी ड्रायव्हरला म्हणाल्या, गाडी बाजू में लाव. मी लावली. तो म्हणाला, क्या लाऊँ?"

सगळे हसले. मग यतीनचं हसू ओसरलं.

"म्हणजे बुक काय झालंय?"

"बंद."

त्यानं पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. रागावला नाही. कुठल्याही साइटबद्दल विचारतो तसं त्यानं विचारायला सुरुवात केली: छताची उंची किती, आत किती वेळ, बाहेर पडायची तोंडं किती. सुलभाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं जहूरला लिहिलं, या वेळी इंग्रजीत. जहूरनं ते मेक्सिकोतल्या गाइडला धाडलं. संध्याकाळी उत्तर आलं. पायऱ्यांनी खाली जायचं. सुरुवातीला छत चार मीटर. पुढे एका पट्ट्यात डोक्यावर हातभर जागा राहते, तिथून पोहत जायचं. पलीकडे दालन आहे, त्याच्या छताला एक भोक आहे, त्यातून उजेड येतो, माणूस मात्र जात नाही. परतीचा रस्ता तोच. एकूण पाऊण तास. पाणी कमरेपासून छातीपर्यंत.

"तोंड एकच," यतीन म्हणाला.

"रद्द करू या. दुसरीकडे कुठं तरी जाऊ. ओमानला जाऊ."

"इशिताला काय सांगायचं?"

"नाही तर ती आणि मी आत जातो. तू वर थांब."

"नाही." हे तो पटकन आणि जरा मोठ्यानं बोलला. मग आवाज खाली आणला. "सुलभा, पोरगी खाली आणि मी वर तोंडाशी उभा, हे मला जमायचं नाही. पाऊण तास. ते मला आत जाण्यापेक्षा अवघड आहे."

"मग रद्द."

"शनिवार आहे ना अजून?"

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी दुपारी म्हणाला, "रास अल खैमाला चल. इशितालाही घे."

तिथं एका नव्या गोदामाची जमिनीखालची टाकी कंपनीनं नुकतीच पूर्ण केली होती. गळतीच्या चाचणीसाठी ती काठोकाठ भरून ठेवलेली, चाचणी पास झालेली, पाणी काढायला सुरुवात केलेली. आता आत गळ्यापर्यंत पाणी उरलं होतं आणि छतापर्यंत डोकं मावेल एवढी जागा. तुकारामनं सकाळपासून पंखा लावून ठेवला होता. गॅसचा मीटर दोरीला बांधून त्यानं दोनदा आत सोडला आणि वर काढून यतीनला दाखवला.

"पलीकडचं झाकण उघडू का भाऊ?"

"नको. तिथं एकच तोंड आहे."

"यतीन," सुलभा म्हणाली, "उघडं राहू दे ना. आज पहिलाच दिवस आहे."

"मग कळणार कसं?"

त्यानं शर्ट काढून इशिताकडे दिला. खाली नवी चड्डी होती. तुकाराम आधी उतरला आणि आतून ओरडला, "या भाऊ. पाणी गार आहे, मेक्सिकोचा खर्च वाचला."

पहिल्या वेळी यतीन शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेला आणि वर आला. कपाळावर घाम होता. काठावर बसून तो पाणी प्यायला. इशिता त्याच्या शेजारी बसली. "बाबा, वी कॅन गो टू ओमान. आय'म ओके. रिअली."

"तुला ओके नाहीये, मला माहीत आहे. खोटं मराठीत बोलत जा, जरा तरी खरं वाटतं."

दुसऱ्या वेळी तो पाण्यात पाय टेकेपर्यंत गेला. एक हात शिडीवर. तो हात सुटला नाही. बराच वेळ तसाच उभा राहिला. तुकाराम समोर टॉर्च धरून गावाकडच्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होता. तिला सुरुवात होती पण शेवट नव्हता. यतीन पुन्हा वर आला. "बास करू या?" सुलभानं विचारलं. त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, तिला कळलं नाही.

तिसऱ्या वेळी उतरताना त्यानं तुकारामच्या हातातला टॉर्च मागून घेतला. "तू वर जा," म्हणाला.

"भाऊ, एकटे नका. नियम तुमचाच आहे."

"बरं, मग शिडीपाशी थांब. आणि ती लग्नाची गोष्ट बंद कर."

सुलभा गुडघ्यांवर बसून तोंडाशी वाकली. तिला तुकारामचं डोकं दिसत होतं, शिडीचा पाय दिसत होता, आणि पाण्यावर लांब जाणारा उजेडाचा पट्टा. पाणी कापल्याचा आवाज येत होता, सावकाश. मग तो थांबला. टाकी चौदा मीटर लांब, हे कोटेशन तिनंच टाइप केलं होतं. यतीन त्यातला किती कापून गेला, ते वरून समजत नव्हतं.

"यतीन?"

"हं." आवाज घुमून आला.

फोन वाजला. जहूर. पाचला तीन मिनिटं कमी होती.

"भाभी, वेटिंग क्लिअर नहीं हुआ. बंद वाला ही है. तीन नाम कन्फर्म करूँ या छोड़ूँ?"

"रुको, जहूरभाई. पूछती हूँ."

"ऑफिस खुल गया है भाभी, वो लाइन पे हैं."

"मैं बोली ना, रुको."

तिनं फोन छातीशी धरला. इशिता तिच्या खांद्यावरून आत डोकावली. शिडीपाशी तुकारामनं कान टवकारले होते आणि एक हात वर करून त्यानं बायकांना गप्प राहायला सांगितलं. आत पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. यतीन पुढे जात होता की परत येत होता, हे अजून त्यांतल्या कुणालाही सांगता येत नव्हतं.