ताईच्या शाखेतला साहेब

धाकटीला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा ताईने सगळ्यांच्या आधी तिला मिठी मारली. तिच्या खांद्यावर तोंड लपवता आलं, तेवढंच बरं झालं.

कॉलेज वित्त व्यवस्थापनाचं, आणि नाव काढलं की समोरचा सरसावून बसेल असं. दोन वर्षांची फी ऐकून बाबांनी स्वतःचाच चष्मा काढून पुसला. चष्म्यांच्या दुकानात त्यांची हयात गेली होती.

"नीट वाचलंस ना गं? एखादं शून्य जास्त तर नाही?"

"नाही बाबा. आणि होस्टेलचे वेगळे."

"हात्तिच्या! म्हणजे हे नुसते जागं राहायचे. झोपायचे वेगळे!"

सगळे हसले. ताईही हसली. आठ वर्षांपूर्वी याच कॉलेजचं असंच पत्र तिच्या नावाने आलं होतं. तेव्हा कुणी विनोद केला नव्हता. बाबांनी ते घडी घालून परत पाकिटात सरकवलं होतं आणि म्हणाले होते, "आपल्या आवाक्यातलं बघू." आवाक्यातलं म्हणजे चार गल्ल्या पलीकडचं कॉलेज, सकाळी वर्ग आणि दुपारी दुकानाचं काउंटर. तिने हूं की चूं केलं नाही. शिकली, बँकेत लागली, आणि सहा वर्षं कर्ज विभागातल्या एकाच टेबलाशी बसून फायली तपासत होती.

आणि आता बाबाच म्हणत होते, "दुकानाचा मागचा भाग विकला तर? भिंगं हल्ली बाहेरूनच घासून येतात. शेजारचा औषधवाला केव्हाचा मागे लागलाय."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वेळी हा मागचा भाग काय पाण्यात बुडाला होता?

"पण आधी ताईचं ऐकू," बाबा म्हणाले. "ती त्यातच मुरलीय. काय गं, एवढे पैसे ओतून पोरीच्या पदरात पडेल काय?"

धाकटी मांडी सावरून तिच्याकडे बघत बसली. लहानपणी गणित अडलं की बसायची, तश्शी.

ताईजवळ उत्तर तयार होतं. गेल्याच वर्षी तिच्या शाखेत नवे साहेब आले होते. तिच्याहून चार वर्षांनी लहान, त्याच कॉलेजातून बाहेर पडून थेट काचेच्या केबिनमध्ये. ताईने दोन-दोन दिवस खपून फाईल तयार करायची आणि त्यांनी उभ्या उभ्या सही करायची. बरं, माणूस उद्धट असता, कामात कच्चा असता, तर मनाला तेवढाच थंडावा. पण साहेब नम्र होते, हुशार होते, आणि तिच्या चुका हळू आवाजात दाखवायचे. तेच जास्त खुपायचं.

"त्या कॉलेजचा एक मुलगा आमच्याच शाखेत आहे," ती म्हणाली.

"तुमच्या? म्हणजे तुझ्याबरोबर?"

"हो. कर्जाच्याच कामात. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर बसतो."

शब्द न् शब्द खरा होता. बाबांनी मान हलवली. "म्हणजे एवढं ओतून माणूस पोचतो कुठे, तर आमची ही फुकटात पोचली तिथे!"

ते 'फुकटात' ताईच्या काळजात रुतलं. त्यामुळे उरलेलं वाक्य, ओठांवर आलंही असतं कदाचित, ते तिने गिळून टाकलं.

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. मग ती शहाण्यासारखी म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. मी पण इथल्याच कॉलेजात जाते. ताईसारखी."

पुढचे दोन दिवस ताई तिच्याशी इतकी गोड वागली की आईने विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?"

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ताई पाण्याची बाटली भरून टेबलाकडे आली. काचेच्या आत साहेबांसमोर धाकटी बसली होती. वही उघडी, हातात पेन.

"बहीण तुमची शिपायाला विचारत होती, त्या कॉलेजचा मुलगा कुठे बसतो म्हणून," शेजारच्या टेबलावरचा कारकून खिदळत म्हणाला. "शिपाई म्हणाला, मुलगा काय म्हणतेस, साहेब म्हण!"

तेवढ्यात साहेबांनी हात करून तिला आत बोलावलं. "या ना मॅडम. फार नेमकं विचारते हो ही. मी म्हटलं, खोटं कशाला सांगू? आमच्या वर्गात साठ जण होते. वीस-बावीस जणांचं सोनं झालं. काहीजण वर्षभर घरी बसले. मला ही खुर्ची मिळाली, पण निम्मा पगार शिक्षणाच्या हप्त्यात जातो. अजून सहा वर्षं. एका खोलीत तिघं राहतो आम्ही."

ताईला हे काही ठाऊक नव्हतं. वर्षभर तिने त्या माणसाची फक्त खुर्ची पाहिली होती.

धाकटी आभार मानून उठली. ताई तिच्या मागोमाग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत गेली.

"तो तुझा साहेब आहे," धाकटी म्हणाली.

"हो."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"कारण तुला मिळत होतं," ताई म्हणाली. "मला नव्हतं मिळालं."

धाकटी रडेल, भांडेल असं वाटलं होतं. तिने नुसती वही बॅगेत टाकली. "मी तुझ्याकडे बघून 'नाही जात' म्हटलं होतं, ताई. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं." आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

संध्याकाळी ताई घरी न जाता आधी दुकानात गेली. बाबा एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते. तिने सगळं सांगितलं, काहीही न वगळता. आणि सांगता सांगता आठ वर्षं गिळलेलंही बाहेर पडलं. "तेव्हा का नाही विकलात हा मागचा भाग?"

बाबांनी फ्रेम खाली ठेवली. "घाबरलो होतो गं. आपल्यात कुणी तिकडे गेलेलं नव्हतं. पैसे बुडाले तर खायचं काय? आता तुझा पगार घरात येतो, तर हिंमत होते."

ताईला समजत होतं की हा माणूस खरं बोलतोय. पण त्याने जिवाला गारवा मिळाला नाही, उलट आग आग झाली. म्हणजे धाकटीची वाटही आपणच झाडून ठेवायची, आणि वर तिचा हेवा केला म्हणून शरमही आपलीच!

"माझ्यावर प्रयोग केलात तुम्ही," ती म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "चुकलं माझं."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाईक आलं तेव्हा सवयीने उठून तिनेच त्याला फ्रेमा दाखवल्या.

धाकटीने शेवटी जायचं ठरवलं. "साठातले बावीस," ती म्हणाली. "चालेल मला." मागचा भाग औषधवाल्याने घेतला, उरलेल्या फीसाठी दुसऱ्या शाखेतून कर्ज काढलं, आणि जामीनदार म्हणून ताईने सही केली. सही करताना तिला धाकटीचा हेवा वाटत होताच. हात मात्र अडला नाही.

महिनाभर धाकटीचे फोन फक्त बाबांना यायचे. मग एका रविवारी दुपारी ताईचा फोन वाजला.

"ताई, एक विचारू? कर्ज थकणार हे आधीच कसं ओळखायचं? आमचे सर पुस्तकातलं सांगतात, डोक्यात काही शिरत नाही."

ताईने सांगायला सुरुवात केली. कागदात काय पाहायचं, माणूस बोलताना कुठे अडखळतो, पगाराच्या दाखल्यावर शाई कुठे नवी दिसते. पलीकडे पेनाची कुरकुर ऐकू येत होती. अर्धा तास झाल्यावर ती मध्येच थांबली.

"बाकीचं तुझ्या सरांना विचार. एवढी फी कशाला भरलीय?"

धाकटी खो खो हसली. "सांग ना गं, ताई."

ताईने जरा वेळ तिला ताटकळत ठेवलं, आणि मग सांगितलं.