दुसरा दोर

रविवारी सकाळी साडेआठ वाजता थोरला भाऊ बोटीच्या डोलकाठीवर चढला. चढला म्हणजे त्याला वर ओढलं. कापडी झोळीत बसलेल्या त्या साठीच्या माणसाला दोर ओढायची विंच फिरवून वर घेत होती त्याची बायको. धाकट्या भावाच्या हातात दुसरा दोर होता. पहिला तुटला तरच ज्याचं काम पडतं, तो.

पूर्वी विंच धाकट्याकडे असायची. एकदा दोर निसटून थोरल्याचं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बोटीवर नियम झाला: डोलकाठीवर जाताना आणि उतरताना दोन दोर, खाली दोन माणसं. त्या नियमाला आजवर कुणी फाटा दिलेला नव्हता.

बोट चौदा वर्षं धक्क्यामागच्या आवारात ताडपत्रीखाली पडून होती. निवृत्त झाल्यावर थोरल्यानं ती बाहेर काढली, बूड खरवडलं, सुकाणू बदललं. महासागर ओलांडायचा आणि दोन वर्षं तरी परतायचं नाही, असा बेत होता. धाकट्याचा धंदा शिडं शिवण्याचा. "शिडं तू शिव. लांबचा पल्ला आहे, कापड जाड घे," एवढंच थोरला त्याला म्हणाला होता. धाकट्यानं ते निमंत्रण समजलं. त्यानं प्रत्येक शिवण तिहेरी घातली, नवीन कामं घेणं बंद केलं आणि दुकानाची किल्ली ठेवशील का, असं शेजारच्या इंजिनवाल्याला विचारूनही ठेवलं. थोरल्याला मात्र काही विचारलं नाही. सख्ख्या भावाला काय विचारायचं?

"अगं, दोराकडे बघ! माझ्याकडे काय बघतेस?" वरून थोरला ओरडला.

धाकट्यानं दोर आवळून धरला. ही बोलणी त्याची होती. विशीत याच डेकवर, याच शब्दांत त्यानं ती खाल्ली होती. आणि वहिनी, जिला एके काळी नुसतं धक्क्यावर उभं राहूनही मळमळायचं, ती आता ही बोलणी ऐकून हसत होती. दोन वर्षं ती शिडाची बोट चालवायला शिकत होती. विंचवरचे वेढे तिनं नीट घेतले होते. धाकट्यानं त्यांत चूक शोधली. सापडली नाही, म्हणून तो आणखीच चिडला.

"जमतंय की वहिनी," तो म्हणाला.

"कौतुक करताय की सांत्वन, भावजी? चेहरा बघा जरा."

"चेहरा असाच आहे. लग्नात बघितला नव्हता का?"

"तेव्हा मी तुमच्या दादाकडे बघत होते."

"पोचलो! बांधा!" वरून आवाज आला. टोकावरचा दिवा बदलायला अर्धा तास लागणार होता. वहिनीनं विंचवरचा दोर बांधला. धाकट्यानं आपला दोर खुंट्याला चार वेढे देऊन पक्का केला, पुढच्या शिडाची पिशवी खांद्यावर टाकली आणि तो केबिनमध्ये उतरला.

पिशवी नाळेकडच्या, बोटीच्या पुढच्या टोकाच्या खोलीत ठेवायची होती. तिथे त्याची झोपायची जागा होती. अरुंद फळी, डोक्याशी छोटी गोल खिडकी, आणि पाय सरळ केले की पलीकडच्या लाकडाला लागायचे. त्यानं दार उघडलं. फळी नव्हती. तिथे राखाडी प्लास्टिकची पाण्याची टाकी पट्ट्यांनी आवळून बसवली होती. नवी कोरी. झाकणावरचं स्टिकरही निघालेलं नव्हतं.

तो टाकीवर बसला. उभ्या आयुष्यात आपण एखाद्या टाकीवर जळू, असं त्याला वाटलं नव्हतं.

"झालं! सोडा खाली!" वरून थोरला.

"भावजी! अहो भावजी, या ना! यांना उतरवायचंय."

धाकटा सावकाश वर आला. त्यानं खुंट्यावरच्या दोराला हात घातला, पण वेढे काढले नाहीत.

"वहिनी, समुद्रात हा कोण धरणार?"

ती विंचवरचे वेढे चाचपत राहिली.

"दादा वर, तुम्ही विंचवर. दुसरा दोर टाकी धरणार का?"

वहिनीनं विंचवरचा हात काढला. "मी यांना म्हटलं होतं, भावजींना विचारा. हेच म्हणाले, तो दुकान सोडून यायचा नाही."

"काय गप्पा चालल्यात? सोडा की!"

"दादा, टाकी कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"काय?"

"पाण्याची टाकी! माझ्या जागेवर घातलीस ती!"

वर झोळी एक गिरकी घेऊन थांबली. मग थोरला म्हणाला, "तिच्या! तिसरं माणूस नको, म्हणाली! मी काय करू?"

"मी असं काही म्हटलेलं नाही," वहिनी म्हणाली. ती हे वर बघून म्हणाली, मग धाकट्याकडे बघून पुन्हा म्हणाली.

टाकीचा निर्णय कुणाचा, याबाबत दोघांची विधानं जुळली नाहीत.

"अरे, पाय बधिर झाले माझे!"

"दोघं आधी एक काय ते ठरवा," धाकटा म्हणाला. "मला घाई नाही. मी कामं घेणं बंद केलंय."

वहिनी आपला दोर सोडवायला वाकली आणि थांबली. नियम तिलाही माहीत होता. थोरला वर झोळीत लोंबत होता, हातात जुना दिवा. धाकट्याची मूठ दोरावर होती. खुंट्यावरचे चारही वेढे अजून तसेच होते.