धार लावली कुणी

नवा वस्तरा धारदार असतो असं ज्याला वाटतं, त्याच्या गालावरून तो अजून फिरलेला नसतो. कारखान्यातून वस्तरा येतो तो नुसता चकचकीत येतो. घोड्यावर बसवला म्हणून नवरदेवाला घोडेस्वारी येते असं थोडंच आहे! कसबा पेठेतल्या मुक्ताबाईला हे वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. म्हणूनच इंद्रजीतने मखमली पेटी उघडून आतले सहा कोरे वस्तरे तिच्यापुढे ठेवले तेव्हा तिला हसू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"काकू, इम्पोर्टेड आहेत," इंद्रजीत जरा दुखावून म्हणाला. "बॉक्समधून काढायचे आणि डायरेक्ट वापरायचे, असं लिहिलंय त्यांच्या साइटवर."

हा इंद्रजीत म्हणजे बाणेरकडचा. वाडवडिलांच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या आणि पोराला हौस करायला मोकळीक मिळाली. त्याने सदाशिव पेठेत सलून काढलं होतं, तेही जुन्या पद्धतीच्या दाढीचं. प्रत्येक सभासदाचा वस्तरा वेगळा, त्यावर त्याचा नंबर. त्याला मुक्ताबाईच्या घरी घेऊन आला होता तिचा धाकटा दीर, गेनबा. गेनबाचं पेठेतच केशकर्तनालय होतं, पण तिथे सगळा कारभार मोडून घालायच्या ब्लेडचा. अख्ख्या वस्तऱ्याला धार लावून त्याला तीस वर्षं झाली असतील.

गेनबाने एक वस्तरा उचलून कडेवरून अंगठा फिरवला. "हे बघा की, चावतोय अंगठ्याला! धार आहेच. दादाच्या धारेच्या दगडावर, निसण्यावर, दोन हात दिले की काम फत्ते. वहिनी, तेवढे दादाचे निसणे काढून द्या."

मुक्ताबाईने अंबाड्यातून एक केस ओढला, चिमटीत धरला आणि पात्याच्या कडेवर टेकवला. केस वाकला आणि घसरला. तुटला नाही.

"अंगठ्याला चावते ती धार नव्हे, भावजी. ती दुमडलेली कड आहे. चांगली धार अंगठ्याला कळत नाही, नुसती गार लागते. आणि निसणे तुमच्या दादांचे नाहीत. माझ्या माहेरचे आहेत."

हे खरंच होतं. मुक्ताबाईचं माहेर मंडईच्या मागच्या गल्लीतलं. वडील पेठेतल्या सगळ्या न्हाव्यांचे वस्तरे लावून द्यायचे. मुलगा नव्हता, म्हणून निसण्यापाशी मुलगी बसली आणि उठलीच नाही. लग्नात तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली दोन निसणे आले, एक भरड आणि एक बारीक पोताचा. नवरा बजरंग दाढीला बसला की हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे. पण निसण्यावर त्याची घाई. लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिने त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला. "द्या इकडं. खरवडताय कशाला?"

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन ती वस्तरे लावत आली. दार ओढून घ्यायचं, कारण ह्या घरात बाईने धोकटीला हात लावायचा नाही अशी रीत होती. न्हाव्याची हत्यारांची पिशवी म्हणजे त्याची लक्ष्मी, आणि लक्ष्मीला बाईचा हात बाटवतो म्हणे! हे ज्याने ठरवलं त्याची दाढी करायला मुक्ताबाईला फार आवडलं असतं, आणि तीही ह्या कोऱ्या वस्तऱ्याने.

दुकानात लोक म्हणायचे, "वा! बजरंगची धार!" बजरंग म्हणायचा, "देवाची कृपा." देवाची! संध्याकाळी येताना मात्र तो न चुकता गजरा आणायचा. गजरा घेताना तिला आनंद व्हायचा आणि रागही यायचा. चाळीस वर्षांत आनंद होता तेवढाच राहिला, राग मात्र वाढत गेला. मागल्या वर्षी बजरंग गेला, तेव्हा राग कुणावर काढायचा हाच प्रश्न होऊन बसला.

"निसणे मिळायचे नाहीत," ती आता म्हणाली. "धार पाहिजे असेल तर मी लावून देईन. पण घरात दार लावून नाही. सलूनमध्ये, सगळ्यांसमोर बसून. आणि धार मुक्ताबाईने लावली असं सांगायचं."

गेनबा मोठ्याने हसला. "वहिनी, गळ्याशी जायची वस्तू आहे ती. विळी नाही. बाईने लावलेला वस्तरा कोण शहाणा गळ्याला लावून घेईल? आणि आपल्या घरची रीत विसरलात काय?"

"विसरले असते तर बरं झालं असतं."

इंद्रजीतची पंचाईत झाली. त्याने सलूनच्या भिंतीवर बजरंगचा हार घातलेला फोटो लावला होता आणि खाली पितळी अक्षरांत 'बजरंगची धार' असं लिहवून घेतलं होतं. गोष्ट विकत होती, ती बदलायची म्हणजे कटकट. "काकू, आपण नंतर बोलू," असं म्हणून त्याने पेटी मिटली. गेनबा म्हणाला, त्यात काय, मी माझ्याकडच्या दगडावर लावतो. दोघं गेले. मुक्ताबाईने निसणे धुऊन पुसून ठेवले. ती रडली नाही. तिने चहा टाकला आणि त्यात आलं जरा जास्तच ठेचलं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. इंद्रजीत एवढंच म्हणाला, "काकू, याल का? आत्ता?"

ती कापडी पिशवीत दोन्ही निसणे घालून अप्पा बळवंत चौकातून चालत निघाली. इंद्रजीतने गाडी पाठवतो म्हटलं होतं. पण ज्या गाडीतून बोलावून नेतात तिच्यातूनच परत पाठवतात, असा तिचा अनुभव होता.

सलूनमध्ये पहिले सभासद, वकील विश्वजीत, जबड्याला कापूस धरून बसले होते. कापूस लाल झाला होता. शेजारी राकेश नावाचा कारागीर मान खाली घालून उभा. "या," वकील म्हणाले. "मी दाढी करायला आलो होतो, पण ह्यांचा सोलायचा बेत दिसला. पुढच्या वेळी बटाटे घेऊन येतो."

आणखी चौघं-पाचजण वाट बघत होते. गेनबा आरशापाशी उभा होता आणि राकेशच्या हातालाच दोष देत होता. मुक्ताबाईने आधी भिंतीवरचा चामड्याचा पट्टा हातात घेतला. त्याच्यावर सात चिरा होत्या.

"पट्ट्यावर वस्तरा धार पुढे घालून कुणी ओढला?"

राकेशने नकळत गेनबाकडे पाहिलं.

"निसण्यावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं," ती म्हणाली आणि एका रिकाम्या खुर्चीत बसली. आरशापुढची सुगंधी तेलं बाजूला सारून तिने तिथे ओलं फडकं पसरलं, त्यावर भरड निसणा ठेवला, पाणी शिंपडलं आणि वकिलांचा वस्तरा उचलला. पातं सपाट ठेवलं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतील असं. धार पुढे ठेवून हात गेला, टोकाला पातं पाठीवर उलटलं, हात परत आला. जोर नाही, फक्त पात्याचं वजन. आधी खरखर ऐकू येत होती. हळूहळू तिची सुरसुर झाली. बारीक निसण्यावर तर ऐकायला काही उरलंच नाही, आणि वाट बघणाऱ्या माणसांनी आपापले मोबाइल खाली ठेवले. अर्धा तास गेला. घाईची खूण म्हणून वकिलांनी एकदाच घड्याळ बघितलं, मग त्यांनीही नाद सोडला.

पट्टा वाया गेलेला, म्हणून तिने वस्तरा डाव्या तळहातावर परजला. पाठ पुढे, धार मागे, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग अंबाड्यातला पांढरा केस काढून कडेवर टेकवला. केसाचा अर्धा भाग फडक्यावर पडला.

"बास!" गेनबा ओरडला. इतका वेळ त्याने कसाबसा दम धरला होता. "चार लोकांत शोभा करताय घराण्याची. बाईने वस्तऱ्याला हात लावून सगळं बाटवलंत. आणि तोरा कशाचा? दादाने दाखवले असतील चार हात, ते गिरवताय. धार दादाचीच!"

मुक्ताबाईचे हात थांबले. तिला खूप राग आला होता, पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो कुठे ठेवायचा ते तिला नेमकं कळलं.

"भावजी, तुमच्या दादांच्या दहाव्याला घाटावर किती डोकी उतरली?"

गेनबा गोंधळला. "सात."

"वस्तरे किती होते?"

"एक. दादाचाच होता. मधे पुन्हा लावावा नाही लागला."

"शेवटचं डोकं कुणाचं?"

"माझं."

"आणि घरी येऊन तुम्ही काय म्हणालात मला? मी कोपऱ्यात बसले होते, तुम्ही डोक्यावरून हात फिरवत रडत म्हणालात, वहिनी, सातवं डोकं माझं, पण कळलंसुद्धा नाही. दादाचा हात अजून आहे बघा त्या वस्तऱ्यात." तिने वस्तरा फडक्यावर ठेवला. "दोन वर्षं त्यांचा उजवा हात छातीशी आखडलेला होता, भावजी. घास मी भरवत होते. धोकटी उघडली तर त्या वस्तऱ्यावर बोटभर गंज. मी म्हटलं, ह्यांच्या नावाने डोकी उतरायची ती ओढत, खरवडत नकोत. दहाव्याच्या पहाटे, सुतकात, कुंकू पुसलेल्या कपाळाने मी तो वस्तरा लावला. तुमचे दादा जाऊन दहा दिवस झाले होते. मग सांगा ना, सगळ्यांसमोर सांगा. धार लावली कुणी?"

गेनबाचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याला आठवत होतं. आखडलेला हात त्याने रोज येऊन पाहिला होता, स्वतः तेलाने चोळला होता. त्याला सगळं माहीत होतं, फक्त ते एकापुढे एक कधी मांडलं नव्हतं. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटो काय बोलणार!

गेनबा दुसऱ्या खुर्चीत येऊन बसला. शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मान मागे टेकवली.

"राकेश," तो म्हणाला, "माझी कर. वहिनींनी लावलेल्याने."

"तो वकीलसाहेबांचा आहे," मुक्ताबाई म्हणाली. "थांबा. तुमच्यासाठी दुसरा लावते." आणि तिने पेटीतला दुसरा वस्तरा काढून पुन्हा भरड निसण्यापासून सुरुवात केली. गेनबा उघड्या गळ्याने पुरा अर्धा तास तसाच बसून राहिला. राकेशने साबण लावला, वस्तरा फिरवला. गळ्याखालून पातं वर गेलं तेव्हा गेनबाने डोळे मिटले होते, आणि दाढी झाल्यावर बराच वेळ त्याने ते उघडले नाहीत.

"लागला?" तिने विचारलं.

"कळलासुद्धा नाही," गेनबा म्हणाला.

इंद्रजीतने मोबाइल काढला. "काकू, उद्याच बोर्ड बदलतो. पूर्ण नाव सांगा ना तुमचं. मुक्ताबाई बजरंग..."

"नुसतं मुक्ताबाई लिहा," ती निसणा पुसत म्हणाली. "मधलं नाव नको. चाळीस वर्षं धारेवर तेवढंच होतं."